उन्हात ठेवलेले सेल

धाकट्या नणंदेला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. सासूबाई आणि नवरा तिकडे धावले होते. घरात उरले दोघंच, सून आणि सासरे. सून इलेक्ट्रिकल इंजिनिअर. हृदयाच्या जिवंत पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या आणि त्यांची धडधड तारांमधून पडद्यावर उमटवायची, हे तिचं संशोधन. त्यापायी तिची झोप कधीच उडाली होती. आज विद्यापीठाची समिती ते बघणार होती. धडधड दिसली नाही, तर प्रयोगशाळेला कुलूप.

नेमकी आजच प्रयोगशाळेच्या इमारतीची वीज गेली. विजेच्याच विभागाची वीज! पण सुनेला हसायचंही त्राण नव्हतं. पेशींची, बॅटरीवर ऊबदार राहणारी डबी उराशी धरून तिने घरी आणली, जेवणाच्या टेबलावर यंत्र मांडलं आणि समितीला कळवलं, "आता कॅमेऱ्यावरच बघा."

मग सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मी जरा पाठ टेकते. डबीतले सेल तेवढे मरू देऊ नका."

"सेलचं मला सांगतेस? जन्म गेला माझा ट्रान्झिस्टर ऐकण्यात."

ती उठली तेव्हा डबी गार पडली होती.

"बाबा, सेल?"

"खिडकीत, उन्हात. डबीवरचा दिवा मिणमिणत होता. म्हटलं, तापले की जरा जीव धरतील. डबी उपडी करताना थोडं पाणी सांडलं, ते पुसून घेतलंय हो मी."

खिडकीत बॅटरीचे सेल ओळीने ऊन खात पडले होते. सुनेने ओल्या फडक्याकडे पाहिलं. तिच्या संशोधनाने टेबल लख्ख झालं होतं.

"अहो बाबा, सेल म्हणजे पेशी! त्या पाण्यातल्या!"

"मग पेशी म्हणावं ना! मराठी बोलायला काय कर पडतो?"

तेवढ्यात पडद्यावर समिती उगवली. खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि यंत्रावर रेघ उसळली. धड, धड, धड.

"वा! काय ठसठशीत ठोका आहे!" अध्यक्ष म्हणाले.

समितीतल्या डॉक्टरबाई मात्र पुढे झुकल्या. "थांबा. मधूनच एक ठोका गळतोय. कुणाचं हृदय आहे हे?"

सुनेने वळून पाहिलं. सासरे यंत्राच्या दोन तारा दोन मुठींत धरून शहाण्या मुलासारखे बसले होते.

"लोंबत होत्या," ते पुटपुटले. "म्हटलं, आता तरी काही सांडू नये."

खोटं बोलायलाही अंगात ताकद लागते. सून म्हणाली, "सर, हे माझे सासरे. माझे सेल फडक्यात गेले."

मग डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "यंत्र काम करतंय म्हणायचं. कुलपाचं राहू द्या सध्या."

टॅक्सीत सासऱ्यांनी छातीवर हात ठेवून पाहिला. मग हळूच म्हणाले, "मिणमिणत होता तो दिवा माझाच होता की काय गं?"

"उन्हात नाही हं ठेवायचा, बाबा," ती म्हणाली आणि त्यांच्याच खांद्यावर डोकं टाकून झोपली.

पेशी मेल्या त्या मंगळवारी दुपारी. सासरे गेले ते जुळी चौथीत गेली त्या वर्षी, पहाटे, झोपेत. उशाशी ट्रान्झिस्टर चालू होता.