दाजींची उभी बैठक

महाडच्या बाजारपेठेत दोरीवर वाळत घातलेल्या लग्नपत्रिका तुम्ही कधी पाहिल्या असतील, तर ती आमच्या छपाईच्या दुकानाची मागची खोली. दाजी सकपाळांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नायलॉनची दोरी बांधली होती. आम्ही केलेलं प्रत्येक डिझाइन कपड्यांच्या चिमट्यांनी तिथं टांगलं जायचं. दाराकडे नुकतं आलेलं काम, मधे चालू असलेलं, खिडकीकडे छापायला तयार. दाजी हात मागे बांधून खालून फिरायचे आणि कागदाला बोट लावून म्हणायचे, "ओलं हाय अजून." कागद कोरडा ठणठणीत. ओली असायची कल्पना.

पंखा लावला की तालुक्यातली सगळी लग्नं उडायची. एकदा एका नवरदेवाचा फोटो उडून वर्षश्राद्धाच्या बॅनरवर जाऊन बसला आणि गिऱ्हाइकाला तो इतका आवडला की त्याने काढूच दिला नाही, असं मी सांगत असतो. माझ्यासोबत डिझाइन करणारी सुजाता म्हणते, खोटं आहे. फोटो उडाला होता, एवढं मात्र तीही मानते.

दाजींनी उमेदीची वर्षं मुंबईत एका जाहिरात कंपनीत काढली. चित्राचं म्हणाल तर त्यांना सरळ रेघ ओढता येत नव्हती. त्यांचं काम चित्रं काढणाऱ्यांना हाकायचं. कोण काय करतंय, कुठे तुंबलंय, गिऱ्हाइकाशी कोण बोलणार. ती विद्या घेऊन ते पोलादपूरला घरी परतले आणि रोज एसटीने महाडला येऊन सुजातावर नि माझ्यावर असा कारभार चालवू लागले, की जणू खोलीत चारशे चित्रकार बसलेत. होतो आम्ही दोघंच.

त्यांच्या आधी आमचं काम म्हणजे जत्रा. गावच्या पूजेचा बॅनर करायचा तर गावचं मंडळ वेगळं, मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांचं वेगळं. गाव म्हणणार सरपंच वर, मुंबई म्हणणार देणगीदार वर. उमरठकडच्या एका वाडीच्या बॅनरवर इतके चेहरे चढले की देवाला पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा उरली, आणि देवही अंग चोरून बसल्यासारखा दिसायचा. दाजींनी फर्मान काढलं, "एका कामाला एकच तोंड. बाहेर टपरीवर काय ते भांडा नि एकाला आत पाठवा." त्या भांडणांच्या चहावर टपरीवाल्याने दुमजली घर बांधलं.

सगळ्यांत कडक नियम सकाळी दहाच्या बैठकीचा. नाव बैठक, पण बसायचं नाही. "बूड टेकलं की जीभ सुटते," हे दाजींचं तत्त्वज्ञान. दोरीखाली उभं राहून आपलं काम कुठे अडकलंय तेवढंच सांगायचं. सुजाता एकदा घरच्या गणपतीचं सांगू लागली तर म्हणाले, "ते चहाच्या वेळेला सांग गो." आणि चहाच्या वेळेला मोदकाच्या सारणापर्यंत सगळं खोदून खोदून विचारलं.

मग दुकानाच्या मालकाने, शेठने, ती खोली चपलांच्या गोदामाला दिली. आम्ही घरून काम करायचं, कामं मोबाइलवरच्या ॲपमध्ये फिरायची. दाजी आकांत करतील असं वाटलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने दोरी सोडली आणि आठवडाभरात ॲपवर अशी पकड बसवली की ॲपच दचकून असावं. दहाची बैठक फोनवर आली.

"अडकलंय काय रे?"

"नाय दाजी."

"तुझं गो?"

"नाय."

फोन बंद. त्यांनी आम्हाला इतकं वळण लावलं होतं की खरंच काही अडकत नव्हतं. आणि चहाची वेळ ॲपमध्ये नव्हती.

शेठ म्हणाला, "काय अडकतच नसेल तर रोज फोन कशाला? सोमवारपासून बंद करू. तुम्हीच सांगा त्यांना."

असं फोनवर कसं सांगायचं, म्हणून सुजाता नि मी सकाळीच पोलादपूरला गेलो. एसटी रखडली. दहाची बैठक आम्ही स्टँडवरूनच उरकली आणि चालत त्यांच्या घरी पोचलो. दाजी ओटीवर उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, पँट, समोर खिडकीत ठेवलेला मोबाइल. फोन तर कधीच संपला होता.

शेजारच्या वहिनी अंगणात पापड पसरत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "रोजचंच हाय. बायको गेली, पोरगा तिकडं मुंबयला. तुमचा फोन संपला तरी उभेच ऱ्हातात. कोनाचं काय सांगायचं ऱ्हायलं असंल, म्हंतात."

आम्हाला पाहून दाजींनी स्वतः चहा केला, साखर दुप्पट घातली. सोमवारचं आमच्यापैकी कोणीच बोललं नाही. थापा मारण्यात माझा हात कोण धरणार? संध्याकाळी शेठला म्हटलं, "सध्या फार अडकतंय, फोन चालू ठेवावा लागेल."

दुसऱ्या दिवशी दहाला फोन.

"अडकलंय काय रे?"

"नाय," मी सवयीने बोलून गेलो.

"माझं अडकलंय, दाजी," सुजाता म्हणाली. तिचं आजवर कधी काही अडकलं नव्हतं. "पत्रिकेचा गुलाबी बसत नाय. आणि घरात पण सासूबाईंचा एक घोळ हाय. तो पण सांगू का?"

पलीकडे फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"थांब गो, बसतो जरा," दाजी म्हणाले. "हां. आता पहिल्यापासून सांग."