सूर्यावर नजर ठेवणारे बापूकाका

आमच्या शेजारचे बापूकाका सकाळी चहाच्या आधी सूर्यावरचे डाग बघतात. मोबाइलवर. डाग वाढले की ओट्यावरून गल्लीला हुकूम सुटतो, "आज डाग लई हायेत. पाणी भरून ठेवा!"

काका वीज उपकेंद्रात ऑपरेटर होते. सूर्यावर वादळ उठलं की वीज, मोबाइल, उपग्रह सगळं ठप्प होऊ शकतं, हे त्यांनी निवृत्तीनंतर कुठंतरी वाचलं. तेव्हापासून "देश गाफील हाय" हे त्यांचं पालुपद. सरकारला ते सल्ल्याची पत्रं पाठवतात. मी इंग्रजी शाळेत शिकले, म्हणून भाषांतर माझ्याकडे. मला नाही म्हणता येत नाही, हे अख्ख्या वडवणी गावाला माहीत असावं.

सल्ला पहिला : प्रत्येक नागरिकाने जवळच्या माणसांचे नंबर पाठ करावेत. माझी तर रस्त्यात तोंडी परीक्षा होई.

मागे खरंच वादळाचा इशारा आला. काकांनी मोबाइल स्टीलच्या डब्यात, ज्वारीच्या पिठात पुरला. "सूर्याला म्हणावं, आता लाव हात!"

दोन दिवसांनी काढला, तर सुरूच होईना. चार्जिंगच्या भोकात पीठ बसलं होतं. दुकानदाराने तो सिमसकट दुरुस्तीला बीडला धाडला.

"भावजी, वादळ पिठात आलं का?" आईने विचारलं. गल्ली हसली. काका हसले नाहीत.

"माझा थोरला भाऊ मेंढरं घेऊन पाटोद्याकडं गेलाय," ते मला हळूच म्हणाले. "रोज सांजच्याला टेकडीवर चढून फोन करतोय. तुझी काकी गेल्यापासून एक दिस चुकला न्हाई. आता मेंढरं सोडून पळत येईल बघ."

"माझ्या फोनवरून लावा ना."

फोन नेहमी थोरल्याचाच येई. नंबर त्यांना पाठ नव्हता.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. मेंढपाळांचे निरोप अजूनही बाजारातून फिरतात. काका मला घेऊन थेट मेंढरांच्या बाजूला गेले. तिथं एक मेंढपाळ आधीच त्यांच्याबद्दल विचारत हिंडत होता.

"तुमीच बापू व्हय? फोन कावून बंद हाय वो? थोरल्यानं धाडलंय मला. जिता हाय का, जेवतो का, बघून ये म्हनला."

काकांनी त्याचे दोन्ही हात धरले. "कसा हाय तो?"

"त्याला काय धाड भरलीय! तुमचंच बोला. काय सांगू?"

देशाला पानंच्या पानं सल्ले देणाऱ्या माणसाने दोन वाक्यांत निरोप दिला.

"बरा हाय म्हणावं. दोन्ही टायमाला जेवतोय."

फोन गेल्यापासून त्यांच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज आला नव्हता. मधली भिंत पातळ आहे. मी सहसा स्वतःहून बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"काका, निरोप पोचायच्या आत खरा करू. आई भाकरी टाकतीये. चला."