आमच्या घरातला इंग्रजी अर्धा तास

नातीला इंग्रजीसाठी रायापूरच्या क्लासला घालायचं, असं सुनेनं परस्पर ठरवलं तेव्हा मी फोडणी देत होते. जळाली तर जळू दे म्हटलं, बाहेर आले आणि सांगितलं, "उत्तराला मी शिकवीन."

सून, म्हणजे स्वाती, हसली नाही. (हसली असती तर भांडता तरी आलं असतं.) "अत्या," (आमच्याकडं सासूला अत्याच म्हणतात) "तुम्हाला येतंय इंग्रजी?"

येतंय का म्हणे! मला शाळेत कुणी फार पाठवलं नाही. औषधाच्या बाटल्या, मिक्सरबरोबर आलेले कागद, दुकानांच्या पाट्या वाचून वाचून मी ही भाषा कमावलीय. सुनेसारखं बी.कॉम. होऊन पाठ करायला कुणालाही येतं.

"बरं," स्वाती म्हणाली. "रविवारी उत्तराच्या शाळेतल्या जयलक्ष्मी टीचर येणार आहेत. त्यांनी पास केलं तर उत्तरा तुमच्याकडं. नाहीतर रोज संध्याकाळी रायापूर."

म्हणजे मायलेकी क्लासला गेल्या की संध्याकाळी घरात मी आणि मालक. (मालक म्हणजे माझे यजमान, मालकी माझी.) हा माणूस पेन्शनीत गेल्यापासून 'हूं'च्या पुढं बोललेला नाही. पोर गेली तर मी काय भिंतीशी बोलू?

लगेच धडा सुरू केला. आय, यू, ही, शी. पुस्तक कशाला? घरात माणसं आहेत की! उत्तरानं छातीवर हात ठेवून 'आय' म्हटलं. 'यू' म्हणून माझ्याकडं बोट कर म्हटलं, तर पोरीनं हात पाठीमागं लपवला. तिची चूक नाही. थोरांना 'तुम्ही' म्हणायचं, बोट तर दाखवायचंच नाही, ही शिस्त माझीच. आमच्याकडं 'तू' फक्त देवाला आणि मांजराला.

"आजी, यू म्हणजे तू का तुम्ही?"

"त्यांच्यात एकच. राजालाही यू, न्हाव्यालाही यू."

"मग मोठ्यांना राग येत नाही?"

इथं माझं डोकं फिरलं. शिकवायच्या भरात हुकूम काढला: रोज दिवेलागणीला अर्धा तास सगळ्या घरानं इंग्रजीच बोलायचं, बोट दाखवून बोलायचं, आणि रागावेल तो नापास.

पहिल्याच संध्याकाळी सून स्वयंपाकघरातून आली. बोट थेट माझ्या नाकासमोर. "यू पुट टू मच सॉल्ट. आय ईट. आय से नथिंग."

लग्न होऊन आल्यापासून माझ्या स्वयंपाकावर जिच्या तोंडून 'होय अत्या'शिवाय काही ऐकलं नाही, ती ही! उत्तरा माझ्याकडं टक लावून बघत होती. "व्हेरी गुड," म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसातून लवकर आला. (एरवीचं ट्रॅफिक कुठं गेलं, देव जाणे.) "यू ओपन माय कुरिअर. ऑल्वेज यू." व्हेरी गुड. शेजारची मालती वाटी घेऊन साखरेला आली, "अक्का, मलाबी शिकवा की," म्हणत पाटावर बसली आणि म्हणाली, "यू थ्रो युवर केर माय डोअर." तिलाही व्हेरी गुड.

मग मालकांचा पेपर खाली आला. "शी टॉक्स. आय लिसन. दे लिसन. वी आर टायर्ड."

एका दमात चार सर्वनामं, एक चूक नाही! हा माणूस मुका नव्हताच. सोयीच्या भाषेची वाट बघत बसला होता.

रविवारी टीचर आल्या. "बर्री, कूड्री," असं कानडीत म्हणून मी त्यांना बसवलं, चहा दिला. त्यांनी उत्तराला घरातल्यांबद्दल इंग्रजीत सांगायला लावलं.

पोर ताठ उभी राहिली. एकेकाकडं बोट करत म्हणाली, "ही इज आजोबा. ही इज हॅपी नाऊ. शी इज मम्मी. शी इज व्हेरी हॅपी. शी इज आजी. दे स्कोल्ड हर. शी सेज व्हेरी गुड."

"क्लास ब्याडरी!" टीचर टाळी वाजवून म्हणाल्या. "क्लास अजिबात नको. ही पद्धत कुणाची?"

"माझी." मान वर करून सांगितलं मी. सुनेकडं बघूनच सांगितलं.

"फार छान आहे हो. फक्त अर्धा तास कमी पडतो. दोन तास करा."

घरानं टाळ्या वाजवल्या. मालकांनी उठून वाजवल्या.

मी तोंड उघडलं. या घरात कोण कुणाला काय बोलतंय, ते एकदाचं सांगणारच होते, तेवढ्यात उत्तरा म्हणाली, "आजी, दिवे लागले. इंग्लिश!"

माझ्या ठेवणीतल्या शिव्या मराठीत. त्याहून जहाल त्या कानडीत. इंग्रजीत शोधशोध शोधलं, एकच सापडलं.

"थँक यू," म्हटलं.

"प्रोनन्सिएशन वीक," मालक म्हणाले.