बिवलकर सरांचं पहिलं 'नको'

बिवलकर सरांना चहा हवा असतो की नको असतो, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आम्ही दोघं कॅनडातल्या बर्नाबीच्या एका विद्यापीठात होतो. ते समाजशास्त्राचे प्राध्यापक, रिटायर व्हायला आलेले. मी त्यांच्या विभागाची कोऑर्डिनेटर, म्हणजे तिकिटं काढणारी, फॉर्म भरून घेणारी आणि कुणी हरवलं तर शोधायला जाणारी. पहिल्याच दिवशी मराठी माणूस भेटल्याच्या आनंदात मी विचारलं, "सर, चहा घेणार?"

"छे छे, नको."

मी माझा चहा प्यायले. ते समोर बसून माझ्या कपाकडे बघत राहिले. पुढेही रोज तेच. मी नागपूरची. आमच्या घरी एकानं नको म्हटलं की त्याचा वाटा दुसरा खाऊन मोकळा होतो. मला वाटलं, बिचाऱ्यांना ॲसिडिटी असेल.

शेवटी एकदा त्यांनीच वैतागून शिकवलं. "मंजिरी, पहिलं 'नको' मोजायचं नसतं. दुसरं नुसतं ऐकून घ्यायचं. तिसऱ्या वेळी कप पुढे करायचा."

"आणि खरंच नको असेल तर?"

"तर माणूस कपावर हात ठेवतो. एवढंही कळत नाही?"

कळत नव्हतं. सरांचं बरंच काही कळत नसे. ते फक्त पेन्सिलीनं लिहीत, कारण "माणूस उत्तर बदलतो, पेन बदलू देत नाही." आणि कुठेही गेले तरी एक घडीचं स्टूल बरोबर असे, अगदी डीनच्या मीटिंगलाही. ज्याला प्रश्न विचारायचा त्याच्यापेक्षा खाली बसावं, हा त्यांचा नियम. त्यामुळे मीटिंगमध्ये टेबलाच्या काठावर सरांचं फक्त टक्कल दिसे आणि तिथून प्रश्न येत.

जवळच्याच कोक्विटलाम गावातल्या मोठ्या घरात ते एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी ईशा दूर रेजिना शहरात सरकारी नोकरीत. ती का येत नाही, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "यायचं असेल तर येईल." रिटायर झाल्यावर त्या घरात हा माणूस दिवसभर करणार काय, याची काळजी मलाच जास्त होती.

२०१७च्या सुमारास सरांचा शेवटचा प्रोजेक्ट निघाला. आमचे काही विद्यार्थी आणि चीनमधल्या एका विद्यापीठाचे काही विद्यार्थी, अशा जोड्या करून डोंगरातल्या एका गावात सर्व्हे करायचा. गावातली तरणी माणसं किनाऱ्यावरच्या शहरांत कामाला गेलेली. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांचं कसं चाललंय, ते घरोघरी जाऊन विचारायचं. व्यवस्था बघायला मीही बरोबर होते. फॉर्ममधला शेवटचा प्रश्न सरांचा लाडका होता: मुलानं परत यावं असं वाटतं का? हो किंवा नाही.

पहिले तीन दिवस सगळी म्हातारी माणसं एका सुरात 'नाही' म्हणाली. आमची विद्यार्थिनी मेगन खूश होती. काम भराभर उरकत होतं. सर मात्र रात्रीचं जेवण टाकून फॉर्म चाळत बसले. "हे खोटं आहे," म्हणाले.

"लोक खोटं बोलतायत?"

"लोक खरं बोलतायत. आपण खोटं लिहितोय."

माझं डोकं गरगरलं.

चौथ्या दिवशी ते मेगनच्या जोडीबरोबर निघाले, मीही गेले. मेगनची जोडीदार लिन, अशाच एका खेड्यात वाढलेली. घरातल्या आजीबाईंनी उकडलेल्या शेंगांचं ताट पुढे केलं. मेगननं हात जोडून नकार दिला, कारण उत्तर देणाऱ्याकडून काही घ्यायचं नाही हे ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं. आजींनी पुन्हा ताट सरकवलं, पुन्हा नकार. तिसऱ्यांदा आजींचा चेहराच पडला. तेवढ्यात स्टुलावरून सरांनी मूठभर शेंगा उचलल्या आणि सोलायला लागले. लिन हसली. म्हणाली, "आमच्याकडेही तीनदाच असतं, सर."

मग शेवटचा प्रश्न आला. आजी म्हणाल्या, "नको. तिथं त्याचं बरं चाललंय." मेगननं खूण करायला पेन्सिल टेकवली.

"थांब. परत विचार," सर म्हणाले.

"बट सर, शी सेड नो!"

"परत विचार."

लिननं विचारलं. आजी पुन्हा तेच म्हणाल्या, जरा हळू. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्या उठल्या. आम्हाला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे मुलाच्या पलंगावर नवी कोरी रजई घडी घालून ठेवली होती. दर थंडीत ती उन्हात घालतात म्हणे. कुणी वापरलेली नव्हती.

मेगनचे डोळे भरून आले. पण फॉर्म हातात होता. "सो व्हॉट डू आय टिक?" तिनं मला विचारलं. मला काय विचारतेस बाई, मला चहा कळत नाही!

सरांनी मग सगळी घरं पुन्हा पालथी घालायला लावली. प्रत्येकाला तीनदा विचारायचं आणि तिन्ही उत्तरं समासात लिहायची. परत आल्यावर ते समास बघून संशोधनाचे नियम तपासणारी विद्यापीठाची समिती हादरली. माणसाला एकच प्रश्न तीनदा विचारणं म्हणजे दबाव, म्हणाले. सर म्हणाले, "पानावर बसलेल्या माणसाला एकदाच विचारणं म्हणजे अपमान." समितीतल्या चौघांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. निकाल लागला: रिपोर्टात फक्त पहिलं उत्तर, बाकी सगळं परिशिष्टात.

"ठीक आहे," सर म्हणाले. हे कितवं 'ठीक आहे' समजायचं, ते मला कळेना.

ऑक्टोबरात एका दुपारी त्यांच्या डायनिंग टेबलावर आम्ही ते परिशिष्ट लावत बसलो होतो. फोन वाजला. सरांनी स्पीकरवर टाकला. ईशा होती.

"हाय बाबा. लाँग वीकेंडला मी येऊ का?"

"नको गं. उगाच तुझी धावपळ."

"ओके बाबा. टेक केअर."

फोन बंद झाला. सर पानांवर नंबर घालायला लागले. दोन पानांवर एकच नंबर पडला.

"दर वर्षी एकदाच विचारते," ते पानाकडे बघत म्हणाले.

मला इतका राग आला की सांगता सोय नाही. "सर, ती कॅनडात वाढली! अख्ख्या चीनला शिकवून आलात, पोरीला कधी शिकवलंत का?"

"ह्या गोष्टी शिकवायच्या नसतात. कळायला हव्यात."

"कुठून कळणार? तिला वाटत असेल, बापाला आपण नकोच आहोत."

सरांची पेन्सिल थांबली. हा विचार त्या विद्वान डोक्यात कधी आलाच नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. मी त्यांचाच फोन उचलला आणि स्पीकरवर ईशाला लावला.

"ईशा, मी मंजिरी, बाबांच्या डिपार्टमेंटची. त्यांना परत विचार."

"व्हाय? ही सेड नो."

"तू विचार तर."

"आय ॲम सो कन्फ्यूज्ड... बाबा, येऊ का मी?"

"अगं, तिकिटं महाग असतील, कशाला..."

"अजून एकदा," मी म्हटलं.

आता तिचा आवाज अगदी लहान मुलीसारखा झाला होता. "बाबा, येऊ?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 'हो' काही त्यांच्या तोंडून निघेना. मग घसा खाकरून ते म्हणाले,

"विमान कितीला उतरतं?"