विषम भागांचे नझीरभाई

नझीरभाईंनी मला सांगितलं होतं, "पानं नीट बसवा, बाकी काय करू नका." मी बाकी केलं. त्यांच्या सतरा पुस्तकांना जाड पुठ्ठे लावले, पाठीवर सोनेरी आकडे टाकले आणि प्रत्येक पुस्तकाच्या तिन्ही कडा कटिंग मशीनवर अर्धा-अर्धा इंच कापून टाकल्या.

अर्ध्या इंचानं काय होतंय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. खालापूरला सरकारी कचेऱ्यांच्या समोर माझं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान आहे. कडा न कापता पुस्तक गिऱ्हाइकाच्या हातात देणं म्हणजे दाढी न करता नवरदेव उभा करणं, अशी माझी या धंद्यातली श्रद्धा. त्यात या पुस्तकांच्या कडांवर ग्रीसचे काळे अंगठे होते आणि पेन्सिलीची गिचमीड होती. मला वाटलं, पोराबाळांनी गिरगटलंय. ती गिचमीड म्हणजे दोन सख्ख्या भावांचं सात वर्षांचं बोलणं होतं. त्याखेरीज ते एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते.

नझीरभाईंचं दुकान चौकला, जुन्या हायवेवर. गाडीची बॅटरी, स्टार्टर, डायनॅमो. साठीला आलेला माणूस, चष्म्याची एक काडी तांब्याच्या वायरनं बांधलेली, हात कोपरापर्यंत काळे. बॉनेटला कान लावून बिघाड ओळखायचा, अशी ख्याती. आणि गिऱ्हाईक नसलं की बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर बसून जपानी चित्रकथा वाचायची. एकदा एक पुण्याची पार्टी म्हणाली, "काय चाचा, या वयात कार्टून?" नझीरभाईंनी पार्टीच्या गाडीचं बॉनेट हळूच खाली केलं. "कार्टून पोरं बघतात. ही मँगा हाय. तुमच्या गाडीला आज टाइम नाय."

ही पुस्तकं आली कशी, तर मुंबईहून घर हलवून निघालेल्या एका माणसाची गाडी चौकला बंद पडली. डिकीत पहिल्या सहा भागांचं खोकं होतं. त्याला ओझं झालं होतं, तो देऊन गेला. त्या वेळी नझीरभाई आणि धाकटा भाऊ सलीम एकाच दुकानात होते. एक्सप्रेस वेनं बरीचशी वाहतूक पळवलेली, दुपार रिकामी. दोघांनी एकाच खोक्यावर दाटीवाटीनं बसून सहाही भाग संपवले. पुस्तकं इंग्रजीतली. सलीम आयटीआय झालेला, तो अर्थ लावायचा. मोठे नझीरभाई चित्रं लावायचे. पुढचे भाग मग ते मुंबईहून मागवत गेले.

ही पुस्तकं आपल्या मागच्या बाजूनं सुरू होतात आणि उजवीकडून डावीकडं वाचायची असतात. लहानपणी मदरशात बसलेल्या नझीरभाईंना यात काहीच विशेष वाटलं नाही. मी मात्र त्या सुरुवातीच्या दिवसांत एक भाग मागून घेऊन घरी आपल्या पद्धतीनं वाचला आणि दुसऱ्या दिवशी सांगितलं, "भारी आहे हो! तो मेलेला म्हातारा उठतो काय, जेवायला बसतो काय, शेवटी तर त्याचं लग्न लागतं." नझीरभाईंनी माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं. मग म्हणाले, "गायकवाड, तुमी सरकारी रजिस्टरच बांधा."

गोष्ट तशी साधी. एक बाई असते. तिच्या देशातले डोंगर रात्री जागा बदलतात आणि तिला त्या देशाचा नकाशा काढायचा असतो. बरोबर तिच्या शाईची बाटली सांभाळणारा एक लंगडा राक्षस. बास. चौतीस भाग झाले, वीस-बावीस वर्षं झाली, नकाशा अजून अर्धाच आहे. मी विचारलं, "एवढी वर्षं करते काय ती?"

"चालतीय की."

"पण संपणार कधी?"

"तुमाला कुटं जायचंय?" नझीरभाई म्हणाले.

त्यांच्या डोक्यात सगळं जग भागांमध्येच चालायचं. गाडीवाला घाईनं विचारायचा, काय बिघडलंय? "आत्ताच कसं सांगू? पयल्याच भागात कोन सांगतं? पुडं कळंल." माझ्या जागेच्या कागदाचं काम सहा महिने अडकलं, तेव्हा माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "तुमचा चौदावा भाग चाललाय. चौदाव्यात काय घडत नाय. नुसतं चालत्यात. पन तो नाय वाचला तर पंधरावा लागत नाय." मला त्या वेळी राग आला होता. पण नंतर कचेरीच्या बाकावर बसल्या-बसल्या ते वाक्य बरंच उपयोगी पडलं.

मध्ये वर्षभर नवीन भाग आला नाही. काढणाऱ्या चित्रकाराची कंबर धरली, अशी बातमी सलीमच्या मुलीनं मोबाइलवर वाचून मला सांगितली होती. त्या वर्षी नझीरभाई जपानमधल्या कुणा अनोळखी माणसाच्या कंबरेसाठी रोज दुआ मागायचे. "बसून-बसून धरती," ते मला कळवळून सांगत, "मला म्हाईत हाय ना." त्याला आपल्याकडचं तेल पाठवता येईल का, याचीही चौकशी त्यांनी चौकच्या पोस्टात केली होती.

आता भावांचं. सात वर्षांपूर्वी सलीम म्हणाला, नवीन गाड्या कॉम्प्युटर लावल्याशिवाय बोलत नाहीत, मशीन घेऊ आणि कर्जतच्या बाजूला जाऊ, तिकडं फार्महाउसवाले आहेत. नझीरभाई म्हणाले, माझा कान आहे. शब्दानं शब्द वाढला. सलीम कर्जतजवळच्या दहिवलीला गेला आणि बोलणं तुटलं. हत्यारं वाटली, बॅटऱ्या वाटल्या, शेवटी पुस्तकांवर आले. मोठ्या भावानं विषम भाग घेतले, धाकट्यानं सम, नवे येतील तेही तसेच. का, तर पहिला भाग मोठ्याचा. त्यापुढं दोघांच्याही डोक्यात हिशोब शिरला नाही.

म्हणजे झालं असं, की बाराव्या भागाच्या शेवटी राक्षस मूठ उगारतो ती दहिवलीला आणि तेराव्यात ती मूठ बसते ती चौकला. एकाचं दुसऱ्यावाचून पान हलेना. मी दहिवलीत राहतो आणि रोज स्कूटरवरून चौकमार्गे खालापूरला जातो. तेव्हा डिकीत पुस्तकं घालून त्यांची ने-आण करायचं काम सात वर्षं माझ्याकडं. कडेला लिहिणं सुरू झालं ते सलीमकडून. भावाला अडतील त्या शब्दांचे अर्थ तो मराठीत लिहून द्यायचा. हे मला नंतर कळलं. मी मधला टपालवाला, पाकीट न फोडणारा. या गोष्टीचा मला तोपर्यंत अभिमान होता.

पत्र्याखालच्या उन्हानं पुस्तकांचा गोंद सुटला, पानं गळायला लागली, म्हणून नझीरभाईंनी आपले सतरा भाग माझ्याकडं आणले. आठ दिवसांनी मी ते घेऊन चौकला गेलो, तेव्हा खरं सांगतो, छाती फुगली होती. सोनेरी आकडे उन्हात चमकत होते.

नझीरभाईंनी हात पुसले. सतरावा भाग उघडला. अंगठा पानाच्या कडेवर ठेवून खालपासून वरपर्यंत फिरवला. मग दुसरं पान, तिसरं पान. मग एकोणिसावा भाग. मी शाबासकीची वाट बघत होतो.

"इथं सलीम होता," ते म्हणाले.

बोट पानाच्या बाहेर, हवेत ठेवलेलं.

मला समजेना. मग त्यांनीच हळूहळू सांगितलं. या पानावर 'बिट्रे' शब्दाला सलीमनं लिहिलं होतं, दगा देणे. खाली यांनी लिहिलं, "म्हाईत हाय, टोमना मारू नको." चार पानांनी सलीमचं, "टोमणा नाही, अर्थ आहे." या पानावर अम्मीच्या गुडघ्याचं विचारलं होतं. इथं सलीमच्या मुलीचा दहावीचा निकाल. इथं डॉक्टरनं सलीमला गोड बंद सांगितलं ते. सगळी पानं त्यांना पाठ होती. पाठ असलं तरी त्यांचं बोट कडेला जाऊन थांबायचं.

"मी लई वेळा वाचतो, गायकवाड," ते म्हणाले. "नकाशा एकदा वाचला की झाला. कडा पुन्ना पुन्ना वाचतो."

मी म्हटलं, माफ करा. ते म्हणाले, "बांधलंय चांगलं." शिवी दिली असती तर मी सुखानं घरी गेलो असतो. मग त्यांनी विचारलं, "कापलेलं कुटाय?"

कापलेलं माझ्या दुकानात गोणीत होतं. सात-बाराच्या झेरॉक्सच्या कडा, शाळेच्या रजिस्टरांच्या कडा आणि त्यात या सतरा पुस्तकांच्या हजारो पट्ट्या. मशीनखाली पडताना त्या ओळीनं पडतात, पण मी दुकान झाडतो ना! टापटिपीची फार हौस. ती गोणी मी त्याच दुपारी स्कूटरच्या पायाशी ठेवून चौकला नेऊन दिली. नझीरभाईंनी ती दोन्ही हातांनी उचलून आत नेली, दुकानामागच्या अम्मीच्या खोलीत.

संध्याकाळी दहिवलीला सलीमच्या दारात उभा राहिलो. सांगणं भाग होतं. तो एका मोठ्या गाडीला कॉम्प्युटर लावून बसला होता.

"सगळे?" त्यानं विचारलं.

"विषम सगळे."

"माझेबी असेच बांधून देनार होता का?"

मी म्हटलं, विचार होता. त्यानं मशीनची वायर गुंडाळायला घेतली. मग म्हणाला, "भाई काय बोलला?"

"बांधणी चांगली आहे म्हणाले."

"म्हंजे लई लागलंय त्याला," सलीम म्हणाला आणि आत निघून गेला.

चार-पाच दिवस मी चौकमधून जाताना दुकानाकडं न बघता स्कूटर काढली. शुक्रवारी बघितलं तर दुपारचं शटर अर्ध्यावर आणि बाहेर सलीमची मोटारसायकल. मी वाकून आत गेलो. जमिनीवर चटई पसरलेली, तिच्यावर पट्ट्यांचे ढीग, आणि दोघं भाऊ दोन बाजूंना मांडी घालून बसलेले. सलीमनं आपले सम भाग आणले होते. त्यांच्या कडा शाबूत होत्या. त्यातला प्रश्न बघायचा आणि उत्तर पट्ट्यांत शोधायचं, असं चाललेलं.

"ही एकवीसची."

"नाय रं, तेवीसची. अम्मी पडली ते तेवीसला."

"भाई, तवा पाऊस होता. एकवीस."

"पडली तवा तू होतास का? मी होतो."

सलीमनं हातातली पट्टी चटईवर ठेवली. मग खाली मान घालूनच म्हणाला, "कळवायचं ना, भाई."

"लिवलं होतं की."

"लिवलं म्हंजे कळवलं का? हाक मारायची."

नझीरभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. वायर बांधलेली काडी कानावर नीट बसेना, ती बसवत राहिले. पलीकडून अम्मीनं कुणाला तरी चहा टाकायला सांगितल्याचं ऐकू आलं. साखर किती ते तिनं सांगितलं नव्हतं, तर नझीरभाईंनीच आवाज दिला, "सलीमला बिनसाखरेचा!"

मला वाटलं, आता आपणही थोडा हातभार लावावा. शेवटी पुण्य म्हणा, पाप म्हणा, आपल्याच मशीनचं. मी खाली बसलो आणि जवळच्या ढिगातली एक पट्टी उचलून सलीमपुढं धरली. "ही कितव्या भागातली असेल?"

सलीमनं ती उजेडाकडं नेली. अक्षर नझीरभाईंचं, मोठं आणि तिरकं. तो मोठ्यानं वाचायला लागला आणि नझीरभाई त्याला थांबवायला पुढं झुकले, पण उशीर झाला होता.

"'भाग लवकर मागून घे. गायकवाडच्या हातात जास्त दिवस ठेवू नको. माणूस चांगला हाय, पन त्याला काय सुचंल त्याचा भरवसा नाय.'"