टेल लाइट

मोटारीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, ओढण्यात विशेष काही नाही, असं शिरीषचं सिडनीतल्या साऱ्या क्वेकर्स हिलला सांगून झालं होतं. पुण्याचा मेकॅनिकल इंजिनिअर तो, त्याला समतोल कोणी शिकवावा? कॅराव्हॅन शेजारच्या नॅथनची. त्याने चावी देताना एवढंच सांगितलं, "कीप द टेल लाइट, मेट, अँड यू'ल बी राइट."

शिरीषने ते फारच मनावर घेतलं. मागचे दोन्ही दिवे उघडून पुसले, नवे बल्ब घातले. बायकोला, विनीताला, ब्रेकवर पाय ठेवायला लावून स्वतः मागे उभा राहिला आणि दिवाळी आल्यासारखा खूश झाला.

ईस्टरच्या सुट्टीत जायचं होतं ब्रिस्बेनला, लेकीकडे. ईशानी फेब्रुवारीत तिथे युनीला, म्हणजे विद्यापीठात, गेली आणि घर असं सुनं झालं की विनीताला फ्रिजची घरघरसुद्धा सोबत वाटायची. रविवारच्या फोनवर पोरगी "येस मम, नो मम, गॉटा गो" एवढंच बोले. जुलैच्या सुट्टीत घरी येशील का, तर म्हणे "वी'ल सी". ते 'वी'ल सी' दोघांनाही सलत होतं. घरची चव जिभेवर आली की येईल धावत, असं विनीताने ठरवलं. कॅराव्हॅनमधला मागचा बिछाना ईशानीचा ठरला होता, म्हणून तिचं सामानही मागेच रचलं: पिठाची गोणी, लोणच्याच्या बरण्या, कुकर, लाडवांचे डबे.

वाटेतलं न्यूकॅसल मागे पडलं आणि एक भलामोठा ट्रक शेजारून सुसाट गेला. कॅराव्हॅनने डावीकडे झोकांडी खाल्ली, मग उजवीकडे, आणि मग वरातीतल्या मामासारखी नाचतच सुटली. मोटारीलाही तिने नाचवलं. विनीताने डोळे मिटून गणपतीला हाक मारली. शिरीषने वेग हळूहळू कमी करत कशीबशी गाडी कडेला घेतली, उतरला आणि आधी मागे जाऊन पाहिलं. दोन्ही दिवे लखलखत होते.

पुढे थांबलेला ट्रकवाला चालत आला.

"आय केप्ट द टेल लाइट," शिरीष म्हणाला, जवळजवळ रडवेला होऊन.

ट्रकवाल्याने कॅराव्हॅनचं दार उघडलं. मागची गोणी उचलून पाहिली. ती हलली नाही.

"यू कॉल दॅट लाइट, मेट?"

तेव्हा शिरीषच्या डोक्यात लाइट पडला. लाइट म्हणजे दिवा नव्हे, हलकं! मागची बाजू हलकी ठेव, नाहीतर कॅराव्हॅन डोलते, असं सांगत होता नॅथन. विनीता हसली नाही, ते जास्त लागलं.

"एवढं पीठ?" तो तिच्यावरच उखडला. "ब्रिस्बेनला दुष्काळ पडलाय का?"

विनीताने पलीकडची गोधडी ओढली. "आणि हे काय?"

खाली पुस्तकांचं कपाट होतं, जाड, जड लाकडाचं. शिरीष गॅरेजमध्ये रोज 'कॅराव्हॅनची तयारी' करत होता, ती ही.

"पुस्तकं जमिनीवर ठेवते म्हणाली होती ईशानी," तो पुटपुटला.

विनीताचा राग तिथेच विरला. दोघांनी मिळून सगळं जड सामान मधे, चाकांच्या वर सरकवलं. मग कॅराव्हॅन शहाण्या सुनेसारखी मागोमाग आली.

ब्रिस्बेनला पोचताच ईशानी धावत आली, गळ्यात पडली. उभ्यानेच दोन लाडू खाल्ले. कपाटावरून हात फिरवत म्हणाली, "डॅड, यू मेड धिस?" शिरीषने मान डोलावली. विनीताने त्याला कोपराने ढोसलं: आता विचार जुलैचं.

विचारायची वेळच आली नाही. बरण्या कपाटात लावता लावता ईशानीच आनंदाने म्हणाली, "धिस इज ऑसम! अख्खं घरच इथे आलं. नाऊ आय डोन्ट इव्हन नीड टू कम होम इन जुलै."

परतीच्या वाटेवर रिकामी कॅराव्हॅन इतकी सरळ चालली की शिरीषला करमेना.

"हलतेय का रे?" शेवटी विनीताने विचारलं.

"नाही. टेल एकदम लाइट आहे." त्याने आरशात पाहिलं. "जुलैत आपणच परत जाऊ. जाताना काही न्यायचं नाही."

"आणि येताना?"

"मागच्या बिछान्यावर तिला घालून आणू. हलली तर हलू दे."