सदतिसाव्या वर्षी पालकांची सही

निर्णय कसा घ्यावा हे माझ्याकडून शिकावं! आमच्या वर्गातली पोरं महिनाभर 'प्रबंध की इंटर्नशिप' करत कँटीनमध्ये डोकी धरून बसली होती. मी फॉर्म हातात पडल्यावर दीड मिनिटात प्रबंधासमोर खूण केली. सदतिसाव्या वर्षी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यायला आलेल्या बाईला एवढी अक्कल असायलाच हवी.

गणित सरळ होतं. प्रबंध म्हणजे घरी बसून काम. इंटर्नशिप म्हणजे एका वर्तमानपत्राच्या कात्रण विभागात सहा महिने, रोज दहा ते सहा. बाबांना जाऊन अडीच महिने झाले होते आणि आईला एकटं ठेवायचं नाही हे मी ठरवून टाकलं होतं. ठेवलंही नव्हतं! ती स्वयंपाकघरात गेली की मला तहान लागायची. ती गॅलरीत गेली की मी टॉवेल वाळत घालायला हजर. एका दिवशी आमचे टॉवेल चार वेळा वाळत पडले. न्हाणीघरात तिला जरा वेळ लागला की बाहेरून माझं सुरू, "आई, साबण आहे ना गं?"

आमच्या विभागातल्या कारकुनांना सगळे पेन्सिलकाका म्हणतात. पोरं आपला पर्याय सतरांदा बदलतात, फॉर्मवर खाडाखोड होते, म्हणून काकांचा स्वतःचा नियम आहे: खूण पेन्सिलीनं करायची, फॉर्म घरी न्यायचा, पालकांची सही आणायची. मग काका त्या खुणेवर हिरव्या शाईनं गिरवणार. एकदा हिरवं झालं की झालं!

"काका, मला कसले पालक? माझे केस पिकलेत!"

"रकाना आहे ना? मग भरायचा. वडिलांची सही आणा."

"वडील नाहीत."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग आईंची आणा," ते हळू आवाजात म्हणाले.

आईनं रात्रीच्या जेवणाआधी सही केली, फॉर्म पाकिटात घातला आणि पाकीट चिकटवूनही टाकलं. किती टापटीप बाई, असं मनात म्हणत मी ते दुसऱ्या दिवशी तसंच काकांच्या खिडकीत दिलं.

गुरुवारी याद्या लागल्या. प्रबंधाच्या यादीत मी नाही. इंटर्नशिपच्या यादीत पहिलंच नाव माझं! खरं सांगते, पहिल्या क्षणी छातीवरून कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटलं. दुसऱ्या क्षणी त्याची लाज वाटली. तिसऱ्या क्षणी मी काकांच्या खिडकीवर होते.

"काका, तुम्ही चुकीच्या चौकोनात गिरवलंत!"

"बावीस वर्षांत माझी एक खूण चुकलेली नाही!"

"मग ही पहिली!"

आवाज ऐकून माझे मार्गदर्शक सर धावत आले. 'परत न आलेली पुस्तकं' हा विषय त्यांनी मला आधीच देऊन टाकला होता. मागे वर्ग जमला. काकांनी गठ्ठ्यातून माझा फॉर्म शोधून काढला.

"हे बघा, प्रबंधासमोर कुणीतरी खोडलंय."

"रबर तर तुमच्याच टेबलावर असतं!"

शिवण उसवलेल्या पुस्तकासारखा काकांचा चेहरा सैल पडला. त्यांनी हिरवं पेन खिडकीच्या फळीवर ठेवलं. "सर, माझी बदली करा."

"कुणाची बदली नाही," सर घड्याळ बघत म्हणाले. "पाचला यादी विद्यापीठात जाते, त्यानंतर काही बदलणार नाही. सही ज्यांची आहे त्यांना विचारा."

मी फोन लावला, स्पीकरवर. साक्षीदार माझी होती!

"आई, तू सही केलीस तेव्हा खूण कुठे होती?"

"प्रबंधासमोर."

मी सगळ्यांकडे विजयी नजरेनं पाहिलं.

"मग मी ती खोडली," आई म्हणाली, "आणि दुसऱ्या चौकोनात केली. तुझ्याच कंपासमधलं रबर घेतलं."

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"आई! अगं, का?"

"तिथे सर आहेत का तुझे? सर, नमस्कार. हिला दहा ते सहा कुठेतरी अडकवा हो. शनिवारीही चालेल."

सरांनी घसा साफ केला. "नमस्कार. पण निर्णय विद्यार्थिनीचा असतो." ते माझ्याकडे वळले. "बोला, तुम्हाला काय हवंय? चार पन्नास झालेत."

"आई, तू घरात एकटी..."

"मी काय चालू राहिलेला गॅस आहे, घाबरायला? तुला जायचं नसेल तर तसं सांग. माझं नाव पुढे करू नकोस."

अडीच महिन्यांत मला कुणी असं झापलं नव्हतं. सगळे माझ्याशी कापसात गुंडाळून बोलत होते.

"जायचंय," मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की सर एक पाऊल मागे सरकले.

पण नाराज होण्याऐवजी त्यांनी खांदेच सोडले. "सुटलो! अकरा प्रबंध आहेत माझ्याकडे, कुणाला नाही म्हणता येत नाही मला."

मी काकांची माफी मागितली, दोनदा. त्यांनी कोरा फॉर्म पुढे सरकवला. मी खूण केली. त्यांनी नाक फॉर्मला टेकेपर्यंत वाकून ती गिरवली, शाईवर फुंकर मारली आणि म्हणाले, "बिनचूक तेवीस वर्षं होतील आता."

सोमवारी मी रुजू झाले. उंच कपाटं, वर्तमानपत्रांचे गठ्ठे, हातात कात्री. पावणेअकरापर्यंत दम धरला, मग घरी फोन केला. आठ वेळा वाजल्यावर आईनं उचलला. आवाज जड होता.

"आई, सर्दी झाली का? येऊ का घरी?"

"काही येऊ नकोस. आत्ता कुठे निवांत रडायला बसलेय. सहाच्या आत फिरकू नकोस इकडे!"

आणि ठेवलाच फोन! कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं. त्या भरात मी तीन बातम्या मधोमध कापल्या.